नेट बंद केलं, दवंडी कोणी दिली?

सेतूवाला:
नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका खेड्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज, ई-केवायसी, हेच दिवसभराचं काम.

मागच्या हंगामात आमच्या भागात तीन दिवस मोबाइल इंटरनेट बंद होतं. तालुक्याच्या गावी दोन गटांत भांडण झालं होतं. आमच्या गावात काडीही हलली नव्हती. पहिल्या दिवशी वाटलं टॉवर गेला असेल. दुसऱ्या दिवशी चारपाच पोरं फोन घेऊन टेकाडावर चढली, रेंज येते का बघायला. तिसऱ्या दिवशी एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या. यंत्रावर अंगठा ठेवायच्या, स्क्रीनवरचं चाक फिरत राहायचं. अंगठा लुगड्याच्या पदराला पुसायच्या, तोंडाची वाफ द्यायच्या, परत ठेवायच्या. शेवटी म्हणाल्या, "माहा अंगठाच झिजला का रे बावा? निंदन करू करू रेघाच नाही राहिल्या." दोष आपल्याच हाताचा आहे असं त्यांना वाटलं. ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

आजोबा सांगायचे, जमावबंदी लागली की कोतवाल डफडं वाजवत गल्लीगल्लीतून दवंडी द्यायचा. आता अख्ख्या गावाची वाचा जाते आणि कोणी सांगायलाही येत नाही.

आमच्या अभ्यासिकेतली पोरं विचारतात: हे जगात सगळीकडे होतं का? बोलणं बंद करणारी सरकारं आणि खोटं पसरवणारी सरकारं वेगळी, की तीच? शनिवारी वाचनालयात यावर बोलायचं आहे. अनुभव सांगा. पक्षाचं राजकारण मात्र नको.

तर्रीपोहा:
आजींचं वाचून गलबललं. होतं, आणि आपल्याकडे फार होतं. ॲक्सेस नाऊ ही संस्था जगभरच्या इंटरनेटबंदीची मोजदाद ठेवते. 2023 मध्ये भारतात 116 वेळा नेट बंद झालं, जगात पहिला नंबर. 2024 मध्ये आपण 84 आणि म्यानमार 85. तिथे तेव्हा लष्कराची राजवट होती, आपल्याकडे निवडणुका होतात. मला तरी हे आकडे शेजारी शेजारी बघवत नाहीत.

खाकी_31:
मी पोलिस खात्यात 31 वर्षं काढली. दुसरी बाजू सांगतो, रागावू नका.

एका मिरवणुकीच्या रात्री पावणेनऊला पहिला मेसेज आला, दगड पडला म्हणून. साडेनऊला चौकात पाचशे माणसं, आणि ठाण्यात आम्ही अकरा जण. दगड पडलाच नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं फाळकं निसटून खाली पडलं, त्याचा आवाज. पण भलत्याच राज्यातला जुना व्हिडिओ "आत्ताचा" म्हणून हातोहात फिरत होता आणि लोक आम्हाला तो दाखवत होते. त्या रात्री नेट बंद करायची सोय असती तर माझ्या हवालदाराच्या डोक्याला नऊ टाके पडले नसते. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दंगल झाली तेव्हा संचारबंदीबरोबर नेटही बंद केलं होतं. बाहेरून नावं ठेवणं सोपं आहे. रात्री जमावासमोर उभं राहणाऱ्याच्या हातात दुसरं काय आहे, ते कोणी सांगत नाही.

भुलाबाई:
खाकी साहेब, अफवेची भीती मला नवीन नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडची गरीब माणसं, भिक्षा मागून खाणारी. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेला होता. मूळ व्हिडिओत शेवटी पोराला परत आणून सोडतात, तेवढाच भाग काढून टाकलेला. त्यानंतरच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

त्याच पावसाळ्यात आमच्या गावात बहुरूप्याचं एक जोडपं आलं. पाराजवळ पोट्टे जमले, कोणी काठी आणली. माझी सासू पुढे झाली आणि त्या बाईला म्हणाली, "कोण्या गावची वं तू? मांगच्या साली कोठी होती?" त्या बाईने थरथरत गावांची नावं घेतली, कोणाच्या ओसरीत मुक्काम केला, कोणाच्या घरी भाकर खाल्ली, सगळं. सासूने त्यातल्या एका गावच्या पोलीस पाटलांना फोन लावायला लावला. ते म्हणाले, दरवर्षी येतात, आपलीच माणसं. जमाव पांगला. त्या बाईने आमच्या घरी पाणी प्यायलं तेव्हा तांब्या दातांवर वाजत होता.

अफवा व्हॉट्सॲपवर जन्मली असेल, पण आमच्या गावात ती पानठेल्यावरून आली. नेट बंद असतं तरी आलीच असती.

तर्रीपोहा:
+1. 21 सप्टेंबर 1995 आठवा. गणपती दूध प्यायला लागला, ही बातमी एका दिवसात देशभर गेली. तेव्हा कोणाकडे होतं नेट? आमच्या गावात दुपारपर्यंत दूध संपलं आणि आजोबांना दोन दिवस काळा चहा मिळाला.

काटोलचा_संत्रा:
चीनचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मी फवारणी पंपाच्या सुट्या भागांचा व्यापार करतो, ग्वांगझूला तीनदा गेलो. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप मुकं. आपलं सिम रोमिंगवर टाकलं की तेच व्हॉट्सॲप टुणकन सुरू, कारण रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून जातो. परदेशी ॲप अडवणारी चीनची भिंत कुठे आहे ते तेव्हा कळलं. फेसबुक तिथे जुलै 2009 पासून बंद आहे, शिनजियांग प्रांतातल्या ऊरुमची शहराच्या दंगलीनंतर. त्याच वेळी त्या अख्ख्या प्रांताचं इंटरनेट सुमारे दहा महिने तोडलं होतं. दहा महिने! आणि 4 जून 1989 ला तिआनानमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन लष्कराने चिरडलं, ते लिहायची सोय नाही, म्हणून लोक "35 मे" (31 मे नंतरचे चार दिवस, म्हणजे 4 जून) लिहू लागले. मग तेही शब्द अडवले जाऊ लागले.

पण सेतूवाल्या भाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाला मी जास्त वजन देतो. हार्वर्डचे गॅरी किंग आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 2017 मध्ये एक अभ्यास छापला. च्यांगशी प्रांतातल्या एका जिल्ह्याच्या इंटरनेट प्रचार कार्यालयाच्या ईमेल फुटल्या होत्या, त्यात 43 हजारांवर पोस्टी सापडल्या. सामान्य माणसाच्या आवाजात लिहिलेल्या, पण लिहिणारे जवळपास सगळे सरकारी कर्मचारी. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की देशभरात वर्षाला 44 कोटी 80 लाख अशा पोस्टी पडतात. आणि त्या पोस्टी टीकाकारांशी वाद घालत नाहीत. लोक एकत्र येतील अशी चिन्हं दिसली की अचानक हुतात्म्यांना वंदन, शहराचं कौतुक, नव्या योजनांचं स्वागत सुरू होतं. ग्रामसभेत कोणी पाणीपुरवठ्याचा हिशेब मागायला उठला की मागून डीजे लावायचा, तसं. माइक कोणी हिसकत नाही, पण प्रश्न कोणाला ऐकू जात नाही.

त्याच गटाच्या 2013 च्या अभ्यासात आलं होतं की सरकारवर टीका केलेली बऱ्याचदा चालते. लोकांनी एकत्र येण्याची हाक दिली की पोस्ट उडते.

वर्धाकाठ:
डीजेची उपमा नेमकी बसली. चीन-रशियावर बोट दाखवून थांबू नका, एवढंच म्हणतो. रॉयटर्सने जून 2024 मध्ये उघड केलं की कोरोनात अमेरिकेच्या लष्कराने फिलिपिन्समध्ये खोटी खाती उघडून चिनी लशीबद्दल संशय पसरवला. माणसं मरत होती आणि तिथे तीच लस आधी पोचली होती. स्वतःला लोकशाहीचे राखणदार म्हणवणाऱ्यांनी हे केलं. पोरांना हेही सांगा.

आणि म्यानमार. तिथे लाखो लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतं. लष्कराच्या माणसांनी सिनेनट, गायक यांच्या नावाने पानं चालवून रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध वर्षानुवर्षं विष पेरलं. 2017 मध्ये सात लाखांवर माणसं देश सोडून पळाली. 2018 मध्ये फेसबुकने कबूल केलं की आम्ही पुरेसं केलं नाही. 1 फेब्रुवारी 2021 ला सत्ता हाती घेतल्यावर त्याच लष्कराने काही दिवसांत फेसबुकच बंद केलं. आधी विष पसरवायला वापरलं, लोक त्याच्यावर एकत्र यायला लागले तेव्हा तोडलं. पोरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं यापेक्षा उघडं उत्तर मला माहीत नाही.

पैनगंगा:
माझी मुलगी रशियात एमबीबीएस करते. आपल्या भागातली कितीतरी लेकरं तिकडे आहेत. मार्च 2022 मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम बंद झालं. सैन्याबद्दल "खोटी माहिती" पसरवली तर 15 वर्षांपर्यंत शिक्षा, असा कायदाही त्याच महिन्यात आला. खोटी कोणती, ते सरकार ठरवणार. मी मुलीला सांगितलं, तू फक्त अभ्यास कर, कशावर काही लिहू नकोस.

ऑगस्ट 2025 पासून व्हॉट्सॲपचे कॉल अडवायला लागले. त्यांच्या सरकारचं म्हणणं, फसवणूक करणाऱ्यांमुळे. 1 सप्टेंबरपासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये मॅक्स नावाचं देशी ॲप आधीच टाकलेलं असतं. शिवाय ड्रोनच्या भीतीने कधी या भागात, कधी त्या भागात मोबाइल नेट बंद. रोज रात्री आठला तिचा फोन यायचा. आता आठला मी फोन ओट्यावर उभा करून भाकरी थापते. चेहरा दिसतो, तोंड हलतं, आवाज येत नाही. परवा तिने वहीच्या पानावर "जेवले" असं मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं, तेवढ्यात तुटला.

भुलाबाई:
पैनगंगा ताई, साधा आंतरराष्ट्रीय फोन लावत जा, महाग पडला तरी. जीव टांगणीला राहत नाही.

कपाशीवाला:
मी आपला साधा कास्तकार, पन बोलतोच. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते तवा जानेवारी 2021 मंदी सिंघू, गाझीपूर, टिकरीले नेट बंद केलं. आमी इथं कापूस येचून रायलो अन् बातम्या पाहून रायलो. टीवीवर एक सांगे, मोबाइलवर दुसरंच. तिथं बसलेल्या मानसाले आपलं सोताचं तोंडानं सांगताच येत नव्हतं. कोनाचं खरं मानाव?

दुसरं, टिकटॉक. 29 जून 2020 ले 59 ॲप बंद झाले. आमच्या गावात एक पोट्टा डवरा हाकता हाकता वऱ्हाडीत व्हिडिओ बनवे. शयरातल्या लोकायनं कदी आमची बोली आयकली नव्हती, ते त्याले आयकत. एका रात्रीतून सारे व्हिडिओ गेले. त्यानं जपून बी ठेवले नव्हते. देशासाठी केलं म्हनते, ठीक हाय. पन त्या पोट्ट्याले कोनं विचारलं?

काटोलचा_संत्रा:
भाऊ, इथे माझं मत वेगळं. गलवानमध्ये आपले 20 जवान गेले त्याच महिन्यातली ती बंदी आहे. आपला डेटा त्या देशाच्या हाती असणं धोक्याचं होतं, आणि तो देश स्वतः बाहेरची कितीतरी ॲप आत येऊ देत नाही. बंदी योग्यच होती. तुमच्या गावच्या पोराचं नुकसान खरं आहे, ते नाकारत नाही.

कपाशीवाला:
तुमचं मत तुमच्यापाशी. आठ दिवस आंधी सांगतलं असतं तर पोट्ट्यानं व्हिडिओ उतरवून घेतले असते. मी इतकंच मांगून रायलो.

झाडीपट्टी:
मी चिमूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. ही गोष्ट आपल्या मातीतही होऊन गेली आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

16 ऑगस्ट 1942 ला चिमूरला लोक उठले. गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले. मग गोरी पलटण आली. पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या बायांवर अत्याचार झाले. सरकारने बातमीच दाबली. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशी मागितली. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भन्साळी त्यांच्या दारात दिल्लीला गेले, चिमूरला चला म्हणाले. अणे आले नाहीत. भन्साळींनी उपोषण धरलं, ते 63 दिवस चाललं. सरकारने काय करावं? उपोषणाची बातमी छापायलाही बंदी घातली. तेव्हा 6 जानेवारी 1943 ला देशभरच्या वृत्तपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढले नाहीत. त्यानंतर आठवड्याभरात तडजोड झाली, उपोषण सुटलं आणि चिमूरच्या बातम्यांवरची बंदी उठली.

लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारी होती. त्या दिवसांचा विषय निघाला की ती उठून न्हाणीघरात जायची आणि बराच वेळ पाणी ओतत बसायची. तिला काय झालं ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते आजही ठरवता येत नाही.

आता मणिपूर पाहा. 3 मे 2023 ला हिंसाचार सुरू झाला, नेट बंद झालं. 4 मे ला दोन बायांची विवस्त्र धिंड काढली. तो व्हिडिओ देशाने पाहिला 19 जुलैला. अडीच महिने त्या बाया आणि त्यांची माणसं ते ओझं घेऊन जगली आणि आपण इकडे पेरण्या करत होतो. खाकी साहेब, तुमच्या नऊ टाक्यांचं दुःख मला कळतं. पण नेट बंद झालं की अफवेबरोबर साक्षही बंद होते. चिमूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

तर्रीपोहा:
मास्तर, नमस्कार घ्या. चिमूरचं हुतात्मा स्मारक पाहिलंय, पण वृत्तपत्रं बंद राहिल्याचं आज कळलं.

कोर्टाची_पायरी:
नागपूरला वकिली करते. सेतूवाल्यांच्या मूळ प्रश्नाकडे येते: दवंडी कोणी द्यायची?

काश्मीरमध्ये 5 ऑगस्ट 2019 ला सगळं संपर्कजाळं बंद झालं. 4जी परत आलं 5 फेब्रुवारी 2021 ला. मधल्या काळात अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 ला सांगितलं की बेमुदत नेटबंदी चालणार नाही आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचं त्याला देता येईल. नेटबंदीच्या 2024 च्या नव्या नियमांतही हेच आहे. राज्यात आदेश गृहसचिवांचा लागतो, त्यात कारणं लिहावी लागतात, मुदत 15 दिवसांच्या वर नाही, आणि आढावा समितीने पाच दिवसांत तो तपासायचा. म्हणजे दवंडी कायद्यात आहे, सेतूवाले. ती गावापर्यंत येत नाही, हे खरं दुखणं.

"सरकारविरुद्ध काही होत नाही" असंही कोणी मुलांना सांगू नका. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. ते पाहून श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ, ज्याखाली अशा अटका व्हायच्या, ते रद्द झालं. पुढे केंद्राने नियम केला की सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती बातमी खोटी ते सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं विभागली. तिसरं, निर्णायक मत न्यायमूर्ती अतुल चांदूरकरांचं, ज्यांनी अनेक वर्षं आपल्या नागपुरात वकिली केली. सप्टेंबर 2024 मध्ये तो नियम रद्द झाला.

खाकी_31:
वाचलं सगळं. मास्तरांचं दोनदा वाचलं.

ताई, आदेश प्रसिद्ध करायला माझी काही हरकत नाही. उलट आमच्यासारख्यांनाच बरं, लोक ठाण्यात येऊन आमच्याशी भांडणार नाहीत. पण अफवेचं काय करायचं ते सांगा.

कोर्टाची_पायरी:
भुलाबाईंच्या सासूबाईंनी जे केलं ते. आणि नेटबंदीने दंगल थांबते याचा पुरावा सरकारकडेच नाही, साहेब. डिसेंबर 2021 मध्ये शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने अहवाल दिला. कुठे किती वेळा नेट बंद केलं याची नोंदच दूरसंचार विभाग किंवा गृहमंत्रालय ठेवत नाही, आणि त्याचा उपयोग होतो का याचा अभ्यासही झालेला नाही, असं त्यात आहे. राजस्थानात तर सप्टेंबर 2021 मध्ये शिक्षक भरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून नेट बंद केलं होतं.

खाकी_31:
परीक्षेसाठी? हे मला कधीच पटणार नाही. कॉपी धरायला पर्यवेक्षक असतो.

एक मात्र माझ्या अनुभवातून सांगतो. त्या ट्रॉलीच्या रात्री शेवटी जमाव कशाने हटला असेल? मशिदीच्या भोंग्यावरून मौलवी साहेब आणि मंडळाच्या माइकवरून अध्यक्ष, दोघांनी लागोपाठ सांगितलं की फाळकं पडलं, दगड नाही. तेवढ्या दोन वाक्यांनी. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

वर्धाकाठ:
नेपाळचंही सांगा पोरांना. 4 सप्टेंबर 2025 ला 26 समाजमाध्यमं बंद केली, 8 तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात पोरं गेली, 9 तारखेला पंतप्रधान ओलींचा राजीनामा. आमच्या गावी रात्री शिट्टी फुंकत फिरणारा नेपाळी गुरखा आहे. ते चार दिवस त्याचा घरी फोन लागला नाही, तो रात्रभर चौकातच बसून राहायचा.

सेतूवाला:
मंडळी, शनिवारचं पार पडलं. 23 पोरं आली, शिवाय न सांगता सात बाया. पैनगंगा ताईंचं "जेवले" वाचून दाखवलं तेव्हा खोली शांत झाली. मास्तरांच्या चिमूरवर पोरांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले. ग्रामपंचायतीने एक मान्य केलं: पुन्हा नेट बंद झालं तर भोंग्यावरून सांगायचं, कधीपासून, कशामुळे, आणि कोणती कामं अडतील. अफवा आली तर त्याच भोंग्यावरून पोलीस पाटील खुलासा करतील. त्या तीन दिवसांच्या आदेशाची प्रत मागायला माहिती अधिकाराचा अर्ज दोन पोरांनीच लिहिला, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

काल त्या आजी आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, आजी, तुमचा अंगठा चांगला होता, वरूनच नेट बंद केलं होतं. त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. म्हणाल्या, "मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

अर्जाचं उत्तर आलं की इथेच टाकतो.